घरं बघितली तो हिवाळा

आज सकाळी दारात ढाळ्याची हातगाडी आली. मुळासकट उपटलेल्या हरभऱ्याच्या जुड्या, मुळांना काळी माती तशीच चिकटलेली, पानांवर दव. मी दोन जुड्या घेतल्या आणि फाटकाशी उभ्या उभ्या एक घाटा सोलून तोंडात टाकला. हरभऱ्याच्या पाल्याला जी आंब असते ती बोटांना लागते आणि हात धुतला तरी लवकर जात नाही. तासाभरानं चष्मा सारखा करताना बोट ओठाला लागलं, तेव्हाही आंबट लागलं.

माझ्या वयाच्या बाईला अशा वेळी लहानपण आठवायला हवं. मी परभणीजवळच्या झरीची, शेतकऱ्याची मुलगी. ढाळा, हुरडा, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा यांच्यातच वाढले. पण परभणीत थंडी पडली, माणसं कानटोप्या घालून दुधाला निघाली, कोपऱ्यावर कुणी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून हात शेकायला बसलं, की मला चार वर्षांपूर्वीचा एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात आम्ही तीन आठवड्यांची रजा काढून मस्कतहून घर बघायला आलो होतो. चौदा घरं बघितली. चौदा अनोळखी स्वयंपाकघरांत उभी राहून मी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं, आणि त्यातल्या निदान दहा ठिकाणी नको नको म्हणताना चहा घेतला. इतका चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.

माझा नवरा महेश मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात होता. मी भारतीय मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे. सतरा वर्षं झाली होती. मुलगी ईरा पुण्याला कॉलेजात गेल्यावर घर अगदी गप्प झालं होतं, आणि त्याच सुमारास महेशच्या हातात एक पत्र पडलं. पुढच्या जूननंतर करार वाढणार नाही, आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत. तिथल्या सरकारला ती कामं आता तिथल्याच तरुणांना द्यायची होती, आणि त्यात चूक काही नव्हती. महेशनं ते पत्र चुंबकानं फ्रिजवर लावलं, आठवडाभर येता-जाता वाचलं आणि मग फाइलमध्ये ठेवून दिलं.

तिथे दर शुक्रवारी मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमायची. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, आणि बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचं. घर कुठे घेतलं, कितीला घेतलं, आता तिथला भाव काय आहे. भाड्याच्या घरात, घरमालकानं दिलेल्या सोफ्यावर बसून आम्ही सगळे हजार मैलांवरच्या घरांबद्दल बोलत असू. कुणाचं वाकडला होतं, कुणाचं नाशिकला, कुणाची दोन होती. सगळी कुलूपबंद. भाव वाढल्याचं लोक मुलगा पास झाल्यासारखं सांगायचे. पण परत कधी जाणार असं विचारलं की म्हणायचे, "बघू, धाकटीची बारावी होऊ दे." ज्यांची घरं झाली होती त्यांना जायची घाई नव्हती. आम्हाला जावंच लागणार होतं, आणि आमच्यापाशी घर नव्हतं.

महेशनं लॅपटॉपवर एक तक्ता केला. पुणे, संभाजीनगर, नांदेड, आणि सगळ्यात खाली परभणी. पुढे रकाने: भाव, दवाखाना, पाणी, वीज, विमानतळ, ईराची नोकरी. प्रत्येक रकान्याला गुण. पुणे पुष्कळ वर होतं आणि परभणी पाण्यात आणि विमानतळात साफ नापास झाली होती. मी गणिताची बाई, तक्त्यात मला काही खोट काढता येईना. फक्त झरीपर्यंतचं अंतर हा रकाना त्यात नव्हता. तो घाला असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर महेशनं घातलाही असता, आणि मग त्याला गुण किती द्यायचे हे मला सांगावं लागलं असतं.

त्या हिवाळ्याच्या दोन वर्षं आधी माझी आई गेली होती. फोन आला तेव्हा मी वर्गात अपूर्णांक शिकवत होते. मिळेल ते विमान धरून हैदराबादला उतरले, तिथून गाडी केली. झरीला पोचले तेव्हा आईला माती देऊन झाली होती. आम्हा लिंगायतांत फार वेळ ठेवत नाहीत. माझे वडील, अण्णा, ओसरीवर बसले होते, त्यांनी मला बघून "जेवली का?" एवढंच विचारलं. तेव्हापासून अण्णा एकटे राहायचे आणि मी रोज फोन करायचे. एवढंच.

आधी पुण्याची घरं बघितली, चार. त्यातलं एक अकराव्या मजल्यावर होतं. इमारत अजून उभी राहायची होती, म्हणून त्यांनी खाली एक नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. महेशनं खिशातून टेप काढून तिथला पलंग मोजला. तो नेहमीच्या पलंगापेक्षा वीतभर आखूड निघाला. दाखवणाऱ्या मुलीला त्यानं तसं सांगितल्यावर ती गोड हसली आणि आम्हाला पोहण्याचा तलाव दाखवायला घेऊन गेली. ईराला घर आवडलं. मलाही वाईट वाटलं नाही. उजेड भरपूर होता. त्या रात्री अण्णांचा फोन आला.

"बघितलं का घर?"

"बघितलं. चांगलं आहे. भाव जास्ती आहे."

"भाव तर ऱ्हाणारच. तिथून झरीला यायला किती वेळ लागतो?"

"दहा-अकरा तास. रेल्वेनं."

"हां," अण्णा म्हणाले. "मस्कतपेक्षा जवळच हाय मग." आणि ते ज्वारीला यंदा कशी कणसं धरलीत ते सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी मी महेशला म्हटलं की परभणीतही बघू. तो म्हणाला, "बघायला काय हरकत आहे." महेश मूळचा परभणी जिल्ह्यातल्याच चुडाव्याचा. त्याचे आईवडील नाहीत, स्टेशनजवळचं घर भावांनी कधीच विकलं. त्याला परभणीची ओढ नव्हती आणि रागही नव्हता. लहानपणी तो परभणीला सायकलचे टायर आणि परीक्षेचे फॉर्म आणायला यायचा. "तिथे राहायचं असतं असं कधी डोक्यातच आलं नाही," असं तो गाडीत म्हणाला.

परभणीला उतरलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुक्यामुळे फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. रिक्षावाले शाल पांघरून सीटवर पाय घेऊन बसले होते. मी मस्कतला सतरा वर्षं एसीचं गार सोसलं, पण ते निराळं असतं. इथली थंडी कोरडी, ओठ फुटणारी, आणि तिला जळत्या काडीकचऱ्याचा वास असतो. आम्ही झरीला अण्णांकडे मुक्काम केला आणि रोज सकाळच्या एसटीनं परभणीला यायचो.

घरं दाखवायला हमीदभाई होते. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. त्यांच्या स्कूटरमागे आमची रिक्षा. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी जी घरं दाखवली त्यांचे भाव ऐकून महेश चकित झाला. पुण्याच्या मानानं स्वस्त, पण परभणीच्या मानानं कैच्या कै. तिसऱ्या दिवशी हमीदभाईंनी आम्हाला रसवंतीच्या बाकावर बसवलं.

"साहेब, एक बात बोलू का? बुरा मानू नका."

"बोला."

"तुमी दारातच मस्कतचं सांगायलाव. समोरचा माणूस लगेच दोन-चार लाख वाढवतो. पुढच्या घरात नांदेडला ऱ्हातो म्हणा. आन् मॅडम, हे घड्याळ पर्समधी ठेवा."

मी घड्याळ काढून ठेवलं. महेशला खोटं बोलणं जमेना. पुढच्याच घरात "कुठून आलात?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "सध्या झरीहून." ते खरंच होतं.

पण महेशची स्वतःची एक पद्धत होती. त्याच्या खिशात पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा एक मीटर असायचा. कुठल्याही घरात गेला की आधी बोअरचं पाणी मागायचा. मालकाला वाटायचं पाहुण्याला तहान लागली, ते फिल्टरचं पाणी आणायचे. मग महेश म्हणायचा, "हे नाही, बोअरचं." पेन ग्लासात बुडवायचा, आकडा बघायचा आणि नुसता "हं" म्हणायचा. एका घरच्या आजोबांनी विचारलं, "डॉक्टर हायेत का?" हमीदभाई म्हणाले, "हौ, पानी के." एका बंगल्याचा आकडा बघून महेश बाहेर आल्यावर म्हणाला, "यापेक्षा आमचा समुद्र बरा." त्या दिवशी मी खूप दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

मध्येच एक दिवस घरं बघणं बंद ठेवून अण्णांनी हुरडा केला. शेतात बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर केला होता. अण्णा स्वतः कणसं खुपसत होते आणि शेजारची सरूमावशी गरम कणीस तळहातावर चोळून दाणे पाखडत होती. तिच्या तळहाताला भाजत कसं नाही हे मला लहानपणीही कळायचं नाही. गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. राख थोडी दाताखाली येतेच. महेश पहिल्यांदाच इतका वेळ जमिनीवर मांडी घालून बसला होता. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "अण्णा, इथंच बांधलं तर? जागा तुमची आहेच. भावाचा प्रश्नच मिटला. तुम्हालाही सोबत होईल."

अण्णा काडीनं आर उकरत राहिले. मग म्हणाले, "महेशराव, माझ्या सोबतीसाठी घर बांधू नका."

"तसं नाही, पण..."

"मी अजून किती दिवस हाय? माझ्या दिवसांच्या हिशोबानं तुमी घर घेतलं, तर मी गेल्यावर त्या घरात तुमी काय करावं? तुमच्या दोघांचं बघा. पोरीचं बघा. मी सतरा वर्षं फोनवर ऱ्हायलो, मला सवय हाय."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, की मला वाईट वाटावं म्हणूनही नाही. आपल्या मालाला भाव किती येईल याचा अंदाज घेतल्यासारखं म्हटलं. मी उठून हरभऱ्याच्या वाफ्यात गेले आणि उगीच पाला खुडत उभी राहिले. मागून सरूमावशीचा आवाज आला, "ते बोलायलेत तसं ऐकू नगंस. दुपारच्याला एसटी दिसली की उठून रस्त्याला जातेत बघायला, कोण उतरलं म्हून." अण्णांनी तिला गप्प केलं नाही.

कमलाकाकूंचं घर आम्ही बघितलेलं तेरावं. वसमत रोडच्या बाजूला, जुन्या कॉलनीत. चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं साधं स्लॅबचं घर. पुढे शहाबादी फरशीचं अंगण, कढीलिंबाचं झाड, व्हरांड्यात बंगई, म्हणजे झोपाळा. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आणि ओटा माझ्या कमरेला बरोब्बर येईल इतक्या उंचीचा. काकूंच्या यजमानांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, ते जाऊन सहा वर्षं झालेली. काकू सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. माझ्या माहेरचं नाव ऐकल्यावर त्यांनी माझ्या आईच्या मामाचं घर कुठलं ते बरोबर सांगितलं. बोअरच्या पाण्याचा आकडा बघून महेश "हं" म्हणाला नाही, त्यानं पुन्हा एकदा मोजलं. चौदावं घर आम्ही नावाला बघितलं.

विकायचं काम काकूंचा मुलगा बसवराज करत होता. तो कॅनडात होता, बारा वर्षं. आपल्याकडे सकाळ आणि त्याच्याकडे आदल्या दिवसाची रात्र, अशा वेळी काकूंच्या फोनवर त्याचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. महेश इकडून, बसवराज तिकडून. दोघंही सभ्य, दोघंही इंजिनिअर. महेश मनातल्या मनात रियालला दोनशेनं गुणत होता हे त्याच्या ओठांवरून मला कळत होतं. तिकडे तो मुलगा रुपयांचे डॉलर करत होता. मध्येच तो म्हणाला, "दादा, तुम्हाला माहितीच आहे, इथे आल्यावर इथलंच घर मोठं घ्यावं लागतं. आईची खोली खाली पाहिजे. पायऱ्या नकोत." महेश म्हणाला, "बरोबर आहे." अर्ध्या तासात भाव ठरला. गुरुवारी इसाराची आगाऊ रक्कम द्यायची असं झालं. एवढा वेळ काकू स्टुलावर बसून कुणाचंही न ऐकल्यासारख्या मेथी निवडत होत्या.

बुधवारी मी एकटीच गेले, पडद्यांची मापं घ्यायला. खरं तर पडद्यांची घाई नव्हती. मला ते घर एकदा बरोबर कुणी नसताना बघायचं होतं. काकू भाकरी थापत होत्या. मी टेप लावून खिडक्या मोजत होते आणि त्या आतूनच सांगत होत्या, त्या खिडकीला पावसाळ्यात कडी लागत नाही, माळ्यावर मुंग्या होतात, हळद टाकत जा. मग मला ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. मी सहज विचारलं, "काकू, तयारी झाली का? तिकडे थंडी फार म्हणतात."

"म्हणतेत."

"बसवराजनं सगळं नीट बघितलं असेल. तुम्ही हो म्हणालात म्हणजे..."

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "त्यानं मला इचारलं न्हाई गं. सांगितलं."

मी ठेच्याला भाकरी लावली.

"लेकरू चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठीच करायलाय. आई एकटी पडली तर मी कसा येऊ, म्हणतो. तेबी खरंच हाय. मी गेले एकदा तिथं, तीन महिने. सून चांगली, नातवंडं चांगली. पर दिवसभर खिडकीतून बघायचं, आन् बाहेर कोणीच जाईना. इथं सकाळी दूधवाला येतो, भाजीवाली येते, सोमवारी मठात जाते. कोणी इचारतं, काकू, गुडघा कसा हाय? तिथं माझा गुडघा कोणाला ठाऊक?"

"मग तुम्ही त्याला सांगत का नाही?"

"काय सांगू? मला तुझ्याकडं यायचं न्हाई म्हणून सांगू? पोटच्या पोराला?" त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "तू घे घर. कोणीतरी घेणारच हाय. तू घेतलंस तर बरं. ओट्याला तू बरोबर येतीस."

मी जेवले. टेप गुंडाळला, मापांचा कागद पर्समध्ये ठेवला आणि झरीच्या एसटीत बसले. घर मला हवं होतं. हे मी आज चार वर्षांनीही लपवत नाही. बसमध्ये मी स्वतःला पुष्कळ समजावलं. भाव रास्त आहे, मुलगा आईला रस्त्यावर सोडत नाहीये, आपल्याजवळ घेतोय. लोक त्याला नावाजतील. शिवाय काकूंनी स्वतः घे म्हटलंय.

रात्री महेशला सांगितलं. तो म्हणाला, "आपण नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल. काकूंना काय फरक पडणार?"

"काकूंना नाही पडणार. मला त्या ओट्याशी उभं राहता येणार नाही."

"सुमन, जूनमध्ये आपल्याला सामान उतरवायला जागा पाहिजे."

"माहीत आहे."

त्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मला वाटलं तो तक्त्याचा विचार करतोय. मग त्यानं स्वेटर चढवला, अंगणात गेला आणि बसवराजला फोन लावला. महेश कुणाच्या घरच्या गोष्टीत पडणारा माणूस नाही. मी दाराआडून ऐकत होते. तो म्हणाला, "हे बघा, मी घराबद्दल बोलत नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही वेळेवर पोचलो नाही. म्हणून तुम्हाला आईला जवळ न्यावंसं वाटतं ते मला समजतं. पण एकदा त्यांना विचारा. फोनवर नको, येऊन विचारा."

तिकडचं ऐकू आलं नाही. महेश दोनदा "नाही, तसं नाही" म्हणाला. मग फोन खाली घेतला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भाव पाडायचा असेल तर सरळ सांगा, आईला मध्ये आणू नका."

गुरुवारी आम्ही इसार दिला नाही. हमीदभाईंना सकाळी कळवलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक हाय मॅडम. मेरा नुकसान तो हुआ, लेकिन ठीक हाय." शनिवारी आम्ही परत निघालो. चौदा घरं बघून हातात एक नव्हतं. विमानात महेशनं तक्ता उघडला, बघितला आणि बंद केला. मला वाटत होतं तो माझ्यावर चिडलाय. खाली वाळवंट दिसू लागल्यावर तो म्हणाला, "त्या मुलाचं चुकलं नाही. त्याच्या जागी मीही तेच समजलो असतो."

उन्हाळ्यात हमीदभाईंचा फोन आला. काकूंचं घर विकायचं थांबलंय, मालक म्हणतात रेट वाढणार आहे, एक वर्ष थांबू. बसवराजला आमचं म्हणणं पटलं असेल अशी थोडी आशा मला होती, ती संपली. भावामुळेच थांबलं होतं. घर तुम्हाला द्यायला आता ते तयार नाहीत, असंही हमीदभाई म्हणाले.

जूनमध्ये आम्ही आलो. चार महिने भाड्यानं राहिलो आणि मग जिंतूर रोडला हे घर घेतलं. काकूंच्या घरापेक्षा लहान आणि महाग. ओटा उंच आहे, मी पायाखाली पाट घेते. बोअरचं पाणी इतकं जड की महेशनं गच्चीवर स्वतःच एक यंत्र जोडलंय आणि आता गल्लीतले चार लोक त्याच्याकडे सल्ला मागायला येतात. हे घर घ्यायचं कारण एकच: झरीची एसटी समोरून जाते. महेशनंच ते सुचवलं, मी काही म्हटलं नव्हतं. ईरा पुण्यात नोकरीला लागली, दोन महिन्यांतून एकदा येते आणि इथे नेट चालत नाही म्हणून कुरकुरते. अण्णा आठवड्यातून एकदा येतात. पिशवीत वांगी, वाळलेल्या शेंगा, काहीतरी असतं. मुक्काम करत नाहीत. दुपारी जेवले, थोडं पडले की चारच्या गाडीनं परत. सुरुवातीला मी आग्रह करायचे, आता करत नाही. परत जाताना ते खिडकीची जागा बघून बसतात, आणि गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी असते. सतरा वर्षांत असं त्यांना निरोप देणं किती वेळा झालं असेल, हाताच्या बोटांवर मोजता येईल. आता दर आठवड्याला होतं, आणि त्याचं काही वाटेनासंही झालंय. ते मला फार बरं वाटतं.

कमलाकाकूंकडे मी दर सोमवारी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा मला अवघड वाटत होतं, काकूंनी विषय काढला नाही, फक्त म्हणाल्या, "ओटा रिकामाच हाय, चहा टाक." तेव्हापासून चहा मीच करते. त्यांचा गुडघा आता जास्त दुखतो. बंगईवर बसायला त्यांना हात द्यावा लागतो. घर तसंच आहे, दर हिवाळ्यात विकायचं म्हणून निघतं आणि थांबतं.

गेल्या सोमवारी मी गेले होते. आम्ही दोघी बंगईवर ऊन घेत बसलो होतो. काकूंचा फोन वाजला, बसवराजचा. पाच-सात मिनिटं बोलणं झालं. मला त्यांचंच ऐकू येत होतं. "हौ... इचारलं होतं हमीदला... न्हाई, यंदा एवढा न्हाई... समोरून मोठा रस्ता होणार म्हणतेत, पुढच्या साली लय वाढंल... हां, थांब मग... जेवलास का?... लेकरं झोपली का?" फोन ठेवून त्यांनी पदरानं त्याची काच पुसली.

मी म्हटलं, "काकू, समोरून कुठला रस्ता होणार आहे?"

"कोणताच न्हाई."

मी पायानं बंगई थांबवली.

"दरसाली मी त्याला हेच सांगते," काकू म्हणाल्या. "पुढच्या साली भाव वाढंल, आत्ता इकू नको. त्याला पटतं. हिशोबी हाय, बापावर गेला."

"आणि तो सारखा भावच विचारत राहतो त्याचं..."

"इचारू दे की," काकू म्हणाल्या, आणि पायानं बंगईला हळूच रेटा दिला. "भाव इचारायला का होईना, दर आठवड्याला फोन करतो."